गिरणीच्या गावात प्रशिक्षक झालेला कर्णधार

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इराणच्या फुटबॉलवरचा आपल्या क्रीडा पानावरचा लेख वाचला. आशियाई फुटबॉलला एवढी जागा दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्यात जवाद नेकूनामला ‘२०१४ च्या विश्वचषकातला कर्णधार’ एवढ्या एका ओळीत आटोपलेलं पाहून वाईट वाटलं.

त्या स्पर्धेतला, ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरातला इराण-अर्जेंटिना सामना मी रात्र जागून पाहिला होता. नव्वद मिनिटं अर्जेंटिनाला गोल करता आला नव्हता. नेकूनाम आणि आंद्रानिक तेमूरियान मधल्या फळीत अक्षरशः ठाण मांडून होते. मग नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत मेस्सीने गोल केला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेवढंच छापून आलं. मिडफिल्डरच्या वाट्याला हे नेहमीच येतं. स्पेनमध्ये ओसासुना क्लबकडून तो वर्षानुवर्षं खेळला. २००७ मध्ये यूएफा कप या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत फ्रान्सच्या बोर्दोविरुद्ध जादा वेळ संपता संपता त्याने गोल केला, संघ पुढे गेला आणि त्या मोसमात थेट उपांत्य फेरीपर्यंत पोचला. देशासाठी तो दीडशेच्या आसपास सामने खेळला.

मला लिहायचंय ते मात्र त्यानंतरच्या वर्षांबद्दल. एवढं नाव असलेला माणूस प्रशिक्षक झाला तो दुसऱ्या श्रेणीतल्या संघांचा. आधी इराणमधल्या बाबोल शहराचा एक क्लब, मग काएमशहर या गावाचा नस्साजी क्लब.

नस्साजीला मी प्रत्यक्ष पाहिलंय. १८ सप्टेंबर २०२३ ला एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत मुंबई सिटीविरुद्ध ते आपल्या बालेवाडीत खेळले आणि २-० ने जिंकले. (तोवर नेकूनाम तिथून गेला होता.) माझ्या शेजारी पुण्यात शिकणारा एक इराणी मुलगा बसला होता. नस्साजी म्हणजे काय, असं त्याला विचारलं. त्याने आपल्या शर्टाची बाही चिमटीत धरली आणि दुसऱ्या हाताने धोटा इकडून तिकडे जावा तशी खूण केली. विणकाम! काएमशहर हे कापड गिरण्यांचं गाव आणि हा गिरणी कामगारांचा लाडका क्लब. माझे वडील लालबागला गिरणीत साचेवाले होते. उरलेला सामना मी कुणाच्या बाजूने पाहिला, हे मुंबईकर मित्रांना अजून सांगितलेलं नाही.

हा क्लब चोवीस वर्षं वरच्या श्रेणीच्या बाहेर होता. २०१८ मध्ये नेकूनामने त्याला परत वर नेलं. तिथून तो अहवाझ शहराच्या फुलाद क्लबला गेला. २०२१ मध्ये फुलादने अंतिम सामन्यात एस्तेघलालला, म्हणजे त्याच्याच जुन्या क्लबला, पेनल्टींवर हरवून हझफी कप ही इराणची चषक स्पर्धा जिंकली. पुढे एस्तेघलालनेच त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. तिथे पहिल्या मोसमात संघ दुसरा आला आणि दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीलाच त्याला जावं लागलं. मोठ्या क्लबात असंच चालतं. पण त्यामुळे काएमशहरमधलं काम पुसलं जात नाही.

आपल्याकडे प्रशिक्षक खालिद जमीलही मूळचे मिडफिल्डरच. मुंबई एफसीसारख्या बेताच्या पैशांवर चालणाऱ्या क्लबला त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. २०१७ मध्ये त्यांच्या आयझॉल क्लबने आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं, आणि भारताचं प्रशिक्षकपद मिळायला २०२५ उजाडलं. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मुख्य प्रशिक्षक म्हणून बहुतेक परदेशी माणूसच आणला जातो. निवृत्त झालेल्या आपल्या खेळाडूने शिकायचं कुठे? खालच्या श्रेणीतला एखादा संघ दोन-तीन मोसम त्याच्या हाती कोण देणार?

आपल्या पानावर हा प्रश्न कुणीतरी मांडावा. आणि नेकूनामवर पुन्हा लिहाल तेव्हा काएमशहरला निदान एक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे