पंचगंगेचा रंगही रोज छापा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांनी लिहिलं होतं की हल्लीची पोरं सहा महिने इंटर्नशिपला म्हणून परदेशात जातात आणि तिथल्या शहराच्या अशी प्रेमात पडतात की परत आल्यावर त्यांना आपलं गाव नकोसं होतं. पप्पांनी ते पत्र चहा पिता पिता मोठ्यानं वाचलं, पेपरची घडी घातली आणि काही न बोलता कारखान्यात गेले. मी ऑगस्टमध्ये जर्मनीहून परत आलेय, त्यामुळं ते कुणासाठी वाचलं हे मला बरोबर कळलं. म्हणून हे उत्तर, काकांना पण आणि पप्पांना पण. पत्र लांबलंय, जागा नसेल तर सुरुवातीचं कापा पण शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

मी इचलकरंजीची. आमचे आठ माग आहेत, साधे शटलचे, आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत दुसऱ्याचं, कापड दुसऱ्याचं आणि मधली मजुरी तेवढी आमची. आई कांड्या भरते, म्हणजे शटलमध्ये बसतात त्या नळ्यांवर सूत गुंडाळते. घरातून टेक्स्टाइल इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिलीच, शेवटच्या वर्षाला सर म्हणाले जर्मनीत वुपरटालला एका छोट्या कंपनीत मार्च ते ऑगस्ट जागा आहे, जातेस का. कंपनी अरुंद फिती विणते, बॅगेचे पट्टे, लेबलं, इलॅस्टिक असलं सगळं. वुपरटाल हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नातेवाईक विचारायचे बर्लिनपासून किती लांब, म्युनिकजवळ आहे का, मी म्हणायचे डुसेलडॉर्फच्या शेजारी, इचलकरंजीपेक्षा फार मोठं नाही, मग कुणी पुढं काही विचारायचंच नाही.

पहिले तीन आठवडे मला ते शहर अजिबात आवडलं नाही हे पण सांगते. सारखा पाऊस, आपल्यासारखा कोसळून मोकळा होणारा नाही तर दिवसभर बारीक भुरभुर, तिथली माणसं म्हणतात वुपरटालची पोरं छत्री घेऊनच जन्माला येतात. रविवारी दुकानं बंद. आणि जिकडं बघावं तिकडं जिने. टाल म्हणजे दरी आणि वुपर म्हणजे नदी, त्या नदीच्या दरीत एल्बरफेल्ड, बार्मेन अशी वेगवेगळी गावं होती ती 1929 साली जोडून एक शहर केलं, त्यामुळं शहर नदीच्या कडेनं लांबच लांब पसरलंय आणि घरं दोन्ही बाजूच्या चढावर. माझी खोली ओलबर्गला होती, कामगारांची जुनी वस्ती, बाकी ठिकाणी विजेचे दिवे आले तरी तिथं तेलाचेच दिवे जळत राहिले म्हणून तेलाचा डोंगर असं नाव. खाली उतरायला एक जुना जिना आहे त्याचं नाव टिपेन-टापेन-ट्योंशेन, लाकडी बूट घालून कामगार उतरायचे त्याचा जो आवाज व्हायचा त्यावरून पडलेलं नाव. हे कळलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ह्या गावाशी आपलं काहीतरी जमेल, कारण आमच्याही गल्लीत रात्रपाळी सुटली की झोपेत पायांच्या आवाजावरून कळतं किती वाजले.

कंपनीत जायला मी श्वेबेबाननं जायचे. ही तिथली लटकती रेल्वे, रूळ वर आणि डबा खाली लोंबकळतो. 1901 पासून चालूय, 13.3 किलोमीटर, वीस स्टेशनं, आणि त्यातले दहाएक किलोमीटर ती चक्क नदीच्या वरून जाते, कारण त्या चिंचोळ्या दरीत दुसरीकडं जागाच नव्हती. आमच्या इचलकरंजीत दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो 1904 साली, म्हणजे दोन्ही जवळजवळ एका वयाचे. डबा वळणावर पाळण्यासारखा हलतो. 1950 साली सर्कशीची जाहिरात म्हणून टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू त्यात चढवलं होतं, ते बिथरलं आणि डबा फोडून थेट नदीत पडलं, थोडं खरचटलं पण वाचलं, अजून तिथं टुफी नावाचं दूध मिळतं. तर अशा गाडीत रोज सकाळी बसायचं आणि खाली बघत जायचं. खाली नदी. स्वच्छ, तळातले दगड दिसतायत, एका दगडावर बगळा उभा. राखी रंगाचा मोठा बगळा, गाडी डोक्यावरून गेली तरी हलायचा नाही.

मी कापडाच्या गावची मुलगी आहे साहेब. नदीचा तळ दिसतो हे मला इतकं नवीन होतं की पहिला आठवडाभर मी मोबाइलसुद्धा बाहेर काढला नाही, नुसती खाली बघत बसायचे. ज्या ओढ्याच्या बाजूनं मी शाळेत जायचे त्याचं नावच काळा ओढा आहे.

मला वाटलं ही नदी पहिल्यापासून अशीच असणार, युरोप आहे म्हटल्यावर. घरमालकीण आजी, वय ऐंशीच्या पुढं, मी तिला ओमा म्हणायचे, ओमा म्हणजे आज्जीच, ती एका रविवारी वाफल आणि त्याच्यासोबत गरम चेरी आणि दुधातला भात घेऊन आली (दुधातला भात म्हणजे आपली तांदळाची खीरच की, मी दोनदा घेतला) आणि बोलता बोलता म्हणाली की आमच्या लहानपणी नदीकडं बघितलं की कळायचं आज कारखान्यात कुठला रंग लावलाय. मी चमचा खाली ठेवला. हे वाक्य मी माझ्या स्वतःच्या आज्जीकडून ऐकलंय, अगदी असंच.

मग मी वाचायला लागले, कंपनीतल्या लोकांना विचारायला लागले. वुपरटालला एके काळी जर्मनीचं मँचेस्टर म्हणायचे आणि आम्हाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. सुताचं ब्लीचिंग, मग फिती आणि लेस, मग रंग. मार्क्सचे मित्र एंगेल्स तिथलेच, 1820 साली बार्मेनला सूतगिरणीवाल्याच्या घरात जन्मले, आणि अठरा वर्षांचे असताना 1839 मध्ये त्यांनी पेपरात लिहिलं होतं की आमची नदी लाल वाहते आणि हे लाल कुठल्या लढाईचं रक्त नाही तर टर्की रेडच्या रंगाऱ्यांच्या कारखान्यांतून येतं. टर्की रेड म्हणजे मंजिष्ठेच्या मुळांपासूनचा लाल, आम्हाला डाइंगच्या परीक्षेला असतो. बायर कंपनी पण तिथलीच, 1863 ला रंगाची कंपनी म्हणूनच सुरू झाली, अ‍ॅस्पिरिन नंतरची, 1897 ची. म्हणजे शंभर-दीडशे वर्षं त्या नदीनं तेच सोसलं जे आमची पंचगंगा आज सोसतेय, आणि तरी आज तिच्यात ट्राउट मासे आहेत.

तेव्हापासून मला त्या शहराची ओढ लागली ती लागलीच. काकांना हे सांगायचंय की ती ओढ मॉलची नाही आणि चकचकीत रस्त्यांची पण नाही, वुपरटाल काही चकचकीत नाहीच, जुनी गिरण्यांची गावं दिसतात तसं थोडं थकलेलं दिसतं. सुट्टीच्या दिवशी मी नॉर्डबानट्रासवर चालायचे, ही बंद पडलेली जुनी रेल्वेलाइन आहे, बोगदे आणि पुलांसकट, 2006 मध्ये गावातल्या लोकांनीच संस्था काढली आणि वर्गणी, सरकारी पैसा, स्वतःचे हात सगळं लावून 2014 पर्यंत तिचा बावीसेक किलोमीटरचा सायकलरस्ता केला. त्या रस्त्यावर चालताना म्हातारी माणसं आपणहून थांबून सांगायची की हा दगड आम्ही साफ केला, हे झुडूप आम्ही काढलं. मला त्यांचं बोलणं सगळं कळायचं नाही पण सांगताना चेहरे कसे व्हायचे ते कळायचं.

आणि एक गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. कंपनीच्या गोदामात भिंतीवर एक रेघ आहे, 15 जुलै 2021 लिहिलेलं. आमचे माइस्टर, म्हणजे तिथले मुकादम, म्हणाले त्या रात्री वुपरला पूर आला, सायरन वाजत होते, मशीनमध्ये चिखल. मी मोबाइलमधला इचलकरंजीतल्या आमच्या नदीवेसचा फोटो काढून दाखवला, तोच महिना, तेच साल, आठ-दहा दिवसांचाच फरक, पाणी आमच्या आत्याच्या घराच्या खिडकीला लागलेलं आणि माग पाण्यात. त्यांनी तो फोटो मोठा करून मागाचा साचा बघितला, शटलपेटीवर बोट ठेवून हा कुठला माग विचारलं, आणि मग आम्ही दोघं बराच वेळ पूर उतरल्यावर बेअरिंग कशी धुवायची ह्यावर बोलत बसलो. त्या दिवसापासून ते मला सकाळी हात करायचे, आधी नुसती मान हलवायचे.

आता नदी कशी सुधारली ते, कारण हे छापायला पाहिजे. तिथं 1930 पासून वुपरफेरबांड नावाची एक संस्था आहे, ती एका गावाची नाही तर अख्ख्या नदीच्या खोऱ्याची आहे. नदीकाठची गावं आणि पाणी वापरणारे कारखाने ह्यांना तिचं सभासद व्हावंच लागतं आणि वर्गणी भरावी लागते, धरणं पण तीच बघते आणि सांडपाण्याची केंद्रं पण तीच चालवते. त्यामुळं वरच्या गावानं खालच्या गावाकडं बोट दाखवायची सोयच राहत नाही. आणि खरं ते सगळं सांगायचं तर तिथले बरेच रंगाचे कारखाने काळाच्या ओघात बंद पडले, हे पण नदी सुधारायचं एक कारण आहे. हे मी घरी सांगितलं तेव्हा पप्पा पटकन म्हणाले, मग आमचे पण माग बंद करायचे म्हणतेस का. अजिबात नाही पप्पा. माग पाणी घाण करत नाही, प्रश्न सायझिंग (सुताला खळ लावणं) आणि प्रोसेसच्या (कापड धुणं, रंगवणं) पाण्याचा आहे आणि आपल्या सगळ्यांच्या गटारांचा आहे, आणि मी जिथं काम केलं ती कंपनी त्याच नदीच्या काठावर आजही फिती विणतेय आणि शंभर पावलांवर तो बगळा उभा असतो.

परत आले ते पावसात, तेव्हा पंचगंगा दोन्ही काठ भरून वाहत होती, छान दिसत होती. दिवाळीनंतर पाणी उतरलं, आणि आता पुलावरून जाताना परत तो वास आणि जलपर्णीचा हिरवा गालिचा. आधी मी पण सगळ्यांसारखा रुमाल नाकाला लावून जायचे, दहा सेकंदांत पूल संपतो. आता मला गाडी थांबवावीशी वाटते. 2012 ला गावात काविळीची साथ आली तेव्हा मी नुकती तिसरी पास झालेले, शेजारच्या घरातला दादा दवाखान्यातून परत आलाच नाही, एवढंच तेव्हा कळलं होतं. त्यानंतर वारणेचं पाणी आणा, मग दूधगंगेचं आणा म्हणून किती मोर्चे झाले, आणि आमच्या गल्लीत नळाला अजून चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्यामुळं योजनेला माझा विरोध नाही, तहान आहेच. पण दुसऱ्यांच्या नद्या मागताना आपली नदी आपण मनातून सोडूनच दिली की काय असं मला वाटत राहतं, आणि ज्यांच्या भागातून त्या नद्या वाहतात त्या कागलच्या, शिरोळच्या माणसाला पाणी द्या म्हणून आपण कुठल्या तोंडानं सांगणार, आपण सोडलेलं पाणी पुढं तेरवाडच्या बंधाऱ्यात जाऊन थांबतं आणि तिथं मासे मेलेले तुमच्याच पेपरात फोटोसकट येतात.

म्हणून संपादक साहेब मागणी अशी. पावसाळ्यात तुम्ही रोज पहिल्या पानावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी छापता. आमच्या जिल्ह्यातल्या शाळेतल्या पोराला सुद्धा तोंडपाठ आहे की 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका. कारण ते रोज छापून येतं, चहाच्या गाड्यावर लोक त्याच्यावर बोलतात. तशीच एक छोटी चौकट डिसेंबर ते मे महिन्यांत सुरू करा. इचलकरंजीला आज पाण्याचा रंग काय, वास आहे का, जलपर्णी किती, आणि पाण्यातला ऑक्सिजन किती. माशांना जगायला लिटरमागं साधारण चार-पाच मिलिग्रॅम तरी लागतो, हा आकडा पण 43 सारखा पाठ होऊ दे लोकांचा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा.

नमुने घ्यायला माणूस कोण देणार असं तुम्ही म्हणाल तर आम्ही वर्गातल्या पाच जणी तयार आहोत, ऑक्सिजन काढायची टेस्ट आम्हाला कॉलेजच्या लॅबमध्ये करता येते, सरांनी हो म्हटलंय. पहिला नमुना येत्या रविवारी सकाळी सात वाजता पंचगंगा घाटावर घेणार आहोत, तुमचा वार्ताहर आला तर बरं होईल. त्या पत्रवाल्या काकांनी पण यावं. माझ्या पप्पांना मी काल रात्री विचारलं, ते म्हणाले सहाला उठ, बाटल्या घेऊन गाडीवर एकटी कशी जाशील, मी सोडतो.

आपली नम्र वाचक,
टेक्स्टाइल शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी, इचलकरंजी