लाइव्ह अडकतं त्याला प्लॅन वाढवणं हा उपाय नव्हे

मा. संपादक यांस,

नमस्कार. वास्कोच्या सप्ताहाचं भजन असो नाहीतर गावच्या जत्रेतलं नाटक, आमच्या फोंडा भागात आता कितीतरी लोक घरबसल्या लाइव्ह बघतात आणि नेमकं रंगात आलं की स्क्रीनवर चक्र फिरायला लागतं. ऑपरेटरला फोन केला की उत्तर ठरलेलं, प्लॅन वाढवा. वाढवला, तरी संध्याकाळी तेच, कारण अडचण घरच्या लाइनीत नाहीच, मागे आहे.

साधा हिशेब बघा. एका व्हिडिओला समजा 4 एमबीपीएस लागले आणि 300 घरं एकाच वेळी तोच कार्यक्रम बघतायत, तर प्रत्येकाला वेगळी कॉपी, म्हणजे 1200 एमबीपीएस. ऑपरेटरची मागची लाइन 1 गिगाबिटची, म्हणजे 1000 एमबीपीएसची असेल तर संपलंच की! मल्टिकास्ट नावाच्या पद्धतीत एकच कॉपी निघते आणि जिथं रस्ता फुटतो तिथंच राउटर दुसरी काढतो, मागच्या लाइनीवर फक्त 4. हे तंत्र काही आजचं नाही, आयपी मल्टिकास्टचं स्टँडर्ड 1989 सालचं आहे आणि आयपीटीव्हीवाले, म्हणजे इंटरनेटच्या लाइनीवरून टीव्ही चॅनेल देणारे, ते वापरतातच. सगळ्या इंटरनेटवर ते चालत नाही हे खरं, पण ऑपरेटरला बाहेरून एक फीड घेऊन आपल्या नेटवर्कात सेट टॉप बॉक्सपर्यंत असं वाटता येतं.

मात्र नुसतं चालू करून भागत नाही, मार्ग नीट आखावा लागतो. प्रत्येकाला सगळ्यात जवळचा रस्ता दिला तर उशीर कमी होतो पण जास्त लिंक अडतात, सगळ्यांना एकाच सामाईक रस्त्याने नेलं तर बँडविड्थ वाचते पण टोकाच्या घराला उशीर होतो. दोन्ही सांभाळणारा बिनचूक मार्ग काढणं मोठ्या नेटवर्कात फार अवघड गणित आहे, म्हणून माझं म्हणणं, आधी उशिराची मर्यादा ठरवा आणि तिच्या आत राहून लिंक वाचवा. भजनाला दोन सेकंद उशीर झाला तर कोणाचं बिघडत नाही, पण ऑनलाइन शिकवणीत मुलांना उलट प्रश्न विचारायचे असतात, तिथं आवाज एका बाजूने 150 मिलिसेकंदांच्या आत पोचला तरच बोलणं सरळ चालतं.

आणखी एक, खांबावरच्या पेटीत स्वस्तातला स्विच बसवलेला असतो, त्यात आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टवर कोण बघतंय हे ओळखायची सोय) नसेल किंवा बंद असेल तर तो मल्टिकास्टचा डेटा सगळ्याच पोर्टवर सोडतो, म्हणजे जो बघत नाही त्याचीही लाइन भरते. वर हा डेटा यूडीपीवर, म्हणजे पोचला की नाही याची खात्री न करणाऱ्या पद्धतीने जातो, हरवलेलं पॅकेट सहसा परत मागवलं जात नाही, चित्रात चौकोन दिसतात ते त्यामुळेच, म्हणून लाइव्हला राउटरवर प्रायॉरिटी द्यायलाच हवी.

ऑपरेटरांनी येत्या चवथीआधी एका वाड्यापुरतं तरी हे करून बघावं, आणि सरकारनेही पंचायतींना एकाच वेळी दाखवायच्या कार्यक्रमांसाठी टेंडर काढताना नुसता स्पीड न लिहिता उशीर, जिटर (उशिरातला चढउतार) आणि पॅकेट लॉसचे (हरवणाऱ्या पॅकेटांचे) आकडे अटीत घालावेत.

आपला,
एक वाचक, फोंडा