बारा शब्द कुणालाच सांगू नका

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या भाच्याने कापसाच्या पैशातले चाळीस हजार बिटकॉइनमध्ये टाकले, वॉलेट, म्हणजे ते सांभाळायचं ॲप, मोबाईलमध्येच, आणि ते उघडताना जे 12 इंग्रजी शब्द मिळतात त्यांचा स्क्रीनशॉट गॅलरीत, म्हणजे कपाटाला कुलूप लावून किल्ली वरच ठेवली की! मग काहीतरी अडलं म्हणून टेलिग्रामवर विचारलं तर 'सपोर्ट'वाला लगेच हजर, गोड बोलून शब्द मागितले, यानं दिले, चहा गार व्हायच्या आत बॅलन्स शून्य. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, घेतली त्यांनी, पण ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सामायिक ऑनलाइन वहीत, एकदा गेलेला व्यवहार बँकही उलटा फिरवू शकत नाही हो.

लोकांना वाटतं पैसे मोबाईलमध्ये असतात. ते असतात त्या वहीत, आणि हे शब्द म्हणजे त्यांची किल्ली. मोबाईल तापीत पडला तरी चालेल, शब्द कागदावर असले तर दुसऱ्या फोनवर सगळं परत येतं. पण कागद जपा. मी देव्हाऱ्यात ठेवलेला, दिव्याचं तेल सांडलं आणि बॉलपेनची शाई पसरली, तीन शब्दांची पहिली चार-चार अक्षरं तेवढी दिसत होती म्हणून वाचलो, कारण हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात त्यात पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. आता एक प्रत भुसावळला बहिणीकडे आहे.

एक्सचेंजवर, म्हणजे बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे, ठेवलं म्हणून निवांत राहू नका, जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या अशाच भारतीय एक्सचेंजमधून चोरीत 23 कोटी डॉलरच्या आसपास गेले. सरकार 2022 पासून नफ्यावर 30 टक्के टॅक्स घेतं, मग जरा जनजागृतीही करा की. तुमच्या पेपरात रविवारी एक चौकट द्याल का, शक्यतो गावाकडच्या भाषेत?

– एक वाचक, चोपडा