कॅमेऱ्याच्या परीक्षणात बटणांनाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत नव्या कॅमेऱ्यांची ओळख करून देणारे लेख नियमाने येतात आणि मी ते लक्षपूर्वक वाचतो. सेन्सरचा आकार, मेगापिक्सेल, सेकंदाला निघणाऱ्या छायाचित्रांची संख्या, मंद उजेडात चित्रावर उमटणारे दाणे, व्हिडिओची प्रत या सर्वांची त्यांत आकडेवारीसह छाननी असते. मात्र बटणे, चाके, मेनू आणि पडदा यांचा विषय निघाला, की 'हाताळणी सुटसुटीत आहे' अशा एखाद्या वाक्यावर वाचकाची बोळवण होते. ही उणीव किरकोळ नाही, असे माझे मत असल्याने हे पत्र लिहीत आहे. एकाच पिढीतल्या दोन चांगल्या कॅमेऱ्यांच्या चित्रांतला फरक शोधायला आता चित्र संगणकावर मोठे करून पाहावे लागते. याउलट, एकावर आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) बदलताना डोळा व्ह्यूफाइंडरवरून (चित्राची चौकट पाहण्याच्या खिडकीवरून) हलवावा लागत नाही आणि दुसऱ्यावर त्यासाठी मेनू उघडावा लागतो, हा फरक पहिल्याच दिवशी हाताला जाणवतो. क्षण पकडता येणार की निसटणार, हेही पुष्कळदा त्यावरच ठरते.

छायाचित्र काढताना ठरवायच्या गोष्टी मुळात थोड्या आहेत. शटर किती वेळ उघडे ठेवायचे, लेन्सचे अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येऊ देणारे छिद्र, किती उघडायचे, आयएसओ किती ठेवायचा आणि फोकस कुठे साधायचा, एवढेच निर्णय प्रत्येक चित्रामागे असतात. पहिल्या तिन्हींचे माप एकच आहे. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, त्यामुळे एकीकडे वाढवलेले दुसरीकडे तितकेच कमी करून भागवता येते. चांगल्या कॅमेऱ्याची रचना ही देवघेव बोटांना सहज करू देते. ऑलिम्पसने 1972 साली आणलेल्या ओएम-1 या फिल्म कॅमेऱ्यात शटरस्पीडचे कडे लेन्सच्या बुडाशी होते, अॅपर्चरचे कडे लेन्सच्या पुढच्या टोकाला आणि फोकसचे कडे त्या दोहोंच्या मध्ये. डावा हात तिन्ही कामे करी आणि उजव्या हाताकडे कॅमेरा धरण्याचे व बटण दाबण्याचे काम उरे. शिवाय कॅमेरा न उघडता, नुसता वरून पाहिला तरी तो कोणत्या स्थितीत आहे हे कोरलेल्या आकड्यांवरून कळत असे.

हे वर्णन जुन्याच्या ओढीने केलेले नाही. त्या रचनेलाही मर्यादा होत्या. कड्यावरचे शटरस्पीड एकेका पूर्ण स्टॉपच्या अंतराने बसवलेले असत, आणि फिल्मचा वेग (म्हणजे तिचा आयएसओ) रोल संपेपर्यंत बदलता येत नसे. 1985 च्या मिनोल्टा 7000 ने कडी आणि डायली काढून टाकल्या व त्यांच्या जागी वर-खाली सरकवणारी बटणे दिली. बटण दाबून दाबून आकडा गाठायचा, ही पद्धत हाताला फारशी रुचली नाही. पुढच्याच वर्षी कॅननच्या टी90 मध्ये, ज्याच्या घडणीत लुइजी कोलानी या डिझायनरचा सहभाग होता, शटरच्या बटणामागे तर्जनीने फिरवायचे एक चाक आले. 1989 च्या ईओएस-1 मध्ये पाठीमागे अंगठ्यासाठी दुसरे, मोठे चाक आले. आजच्या बहुतेक गंभीर कॅमेऱ्यांची मांडणी या दोन चाकांवर उभी आहे. चाक फिरवायला नजर लागत नाही आणि एक-तृतीयांश स्टॉपचे बारीक टप्पेही त्यावर घेता येतात. पण चाकावर काहीच कोरलेले नसते, म्हणून त्याची स्थिती पडदा किंवा व्ह्यूफाइंडर सांगेल तेव्हाच कळते. डिजिटल कॅमेऱ्याच्या वापरातल्या बऱ्याच अडचणींचे मूळ मला या अदृश्य स्थितीत दिसते.

याचे रोजचे उदाहरण एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा मुद्दाम कमी-जास्त करण्याच्या सोयीचे आहे. हे मूल्य ज्या कॅमेऱ्यात कोरलेल्या डायलवर असते, तिथे पिशवीतून कॅमेरा काढताच काटा कुठे आहे ते दिसते. जिथे ते चाकावर असते, तिथे आदल्या रात्री ठेवलेले उणे दोन स्टॉप सकाळच्या उन्हातही मुकाट्याने लागू राहतात, आणि व्ह्यूफाइंडरच्या कडेला असलेल्या बारीक रेषेकडे लक्ष गेले नाही तर चित्रे काळवंडलेली निघतात. कॅमेरा बंद करताच हे मूल्य आपोआप शून्यावर यावे की नाही, हे काही कॅमेऱ्यांत ठरवता येते आणि काहींत नाही. परीक्षणात याचा उल्लेख मला क्वचितच आढळतो.

मग कोरलेल्या डायली परत आणल्या की काम झाले, असे कोणी म्हणेल. 2011 साली बाजारात आलेल्या फुजीफिल्मच्या एक्स100 पासून त्या परतल्याही आहेत आणि त्यांचे चाहते पुष्कळ आहेत. परंतु डायलवर कोरलेला आकडा आणि कॅमेऱ्याच्या स्मृतीतला आकडा या दोघांचे पटत नाही. समजा, एखाद्याने नाटकाच्या चित्रणासाठी जुळवलेली सर्व मूल्ये स्मृतीत साठवली आणि गरज पडताच एका खुणेवर ती परत बोलावली. अशा वेळी शटरस्पीडची डायल 125 वर (म्हणजे सेकंदाच्या 125 व्या भागावर) असेल आणि स्मृतीत 250 असेल, तर कॅमेऱ्याने कोणाचे ऐकावे? स्मृतीचे ऐकले तर डायल खोटी पडते, डायलचे ऐकले तर स्मृती अर्धवट ठरते. म्हणून क्रीडा किंवा समारंभाच्या छायाचित्रकारांना बिनआकड्यांची चाके सोयीची वाटतात आणि निवांत, एकेक चित्र जुळवणाऱ्यांना डायली. दोन्ही पक्ष आपापल्या कामापुरते बरोबर आहेत, आणि परीक्षकाने कॅमेरा यांपैकी कोणाच्या हाती शोभेल हे सांगितले तर वाचकाचा मोठा गोंधळ वाचेल.

स्मृतीच्या बाबतीतही एक बारकावा आहे. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत मोड डायलवर (चित्रणाची पद्धत निवडण्याच्या डायलवर) यू1 आणि यू2 अशा खुणा असतात; तिथे साठवलेली मूल्ये चित्रणाच्या ओघात कितीही बदलली, तरी डायल फिरवून परत आले की मूळची मूल्ये मिळतात. त्याच कंपनीच्या वरच्या श्रेणीतल्या अनेक कॅमेऱ्यांत मात्र 'बँक' नावाची व्यवस्था असते आणि तीत केलेला प्रत्येक बदल तिथेच साठत जातो, म्हणजे महिन्याभराने ती बँक मूळ हेतूपासून कितीतरी दूर गेलेली असते. अधिक महाग कॅमेरा या एका बाबतीत कमी भरवशाचा आहे, हे तपशीलपत्रक वाचून कोणाच्या लक्षात येणार?

मेनूबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याच्या लांबीबद्दल तक्रार सगळेच करतात. माझी तक्रार लांबीपेक्षा अबोलपणाची आहे. एखादी ओळ फिकी पडलेली असते आणि ती निवडता येत नाही. ती का निवडता येत नाही, हे कॅमेऱ्याला ठाऊक असते. इलेक्ट्रॉनिक शटर चालू असल्यामुळे फ्लॅश बंद झाला आहे, किंवा फक्त रॉ फाइल (सेन्सरकडून आलेली, संस्कार न केलेली माहिती) निवडल्यामुळे एखादा चित्र-परिणाम मिळत नाही, अशी साधी कारणे असतात. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत फिकी ओळ दाबली की कारण सांगणारा संदेश येतो, उरलेल्यांत वापरणाऱ्याने माहितीपुस्तिका चाळत बसायचे. याहून नवख्याला गोंधळात टाकणारी गोष्ट इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरची आहे. 2008 साली पॅनासॉनिकच्या जी1 पासून आरसा नसलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे रूढ होऊ लागले आणि होणारे चित्र किती उजळ येईल ते आधीच दिसू लागले, ही फार मोठी सोय झाली. पण स्टुडिओत फ्लॅशसाठी शटर आणि अॅपर्चर जुळवले, की कॅमेरा खोलीतल्या मंद उजेडाचाच हिशेब करतो आणि व्ह्यूफाइंडर जवळजवळ काळा पडतो. हा पूर्वदर्शनाचा परिणाम बंद करण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत आहे, परंतु ती मेनूत इतकी आत असते आणि तिचे नाव प्रत्येक कंपनीत इतके वेगळे असते, की कॅमेरा बिघडला असे समजून माणूस दुरुस्तीची चौकशी करू लागतो. हिस्टोग्रामचेही, म्हणजे चित्रातल्या उजळ-गडद भागांच्या आलेखाचेही तसेच. अतिउजळ भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना आणि हिस्टोग्राम ही दोन्ही सहसा कॅमेऱ्याने संस्कार केलेल्या जेपेग चित्रावरून काढलेली असतात. रॉ फाइल वापरणाऱ्याने चित्रशैलीतला कॉन्ट्रास्ट वाढवून ठेवला असेल, तर फाइलमध्ये शिल्लक असलेला तपशीलही गेला असे कॅमेरा सांगतो.

स्पर्शपडद्याविषयी आपल्या लेखांत सरसकट कौतुक असते. माझे मत थोडे निराळे आहे. तिपाईवर कॅमेरा ठेवून फोकसची जागा बोटाने दाखवणे, काढलेले चित्र मोठे करून पाहणे, नाव किंवा पासवर्ड टाइप करणे या कामांना स्पर्शासारखी सोय नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की मात्र पडदा गालाखाली जातो, आणि नाकाच्या टोकाने फोकसचा बिंदू भलतीकडे सरकतो. याचसाठी अनेक कॅमेऱ्यांत पडद्याचा फक्त उजवा भाग स्पर्शासाठी चालू ठेवण्याचा पर्याय दिलेला असतो. ओल्या बोटांनी किंवा जाड हातमोजे घालून पडदा नीट चालत नाही, बटण चालते. दुसरीकडे अर्धवट स्पर्शाचेही उदाहरण आहे. सोनीच्या 2018 च्या ए7 III ला स्पर्शपडदा होता, पण त्याने फोकस निवडता येई, मेनू नव्हे. मेनू बोटाने चालवण्याची सोय आणि त्याची नवी मांडणी 2020 च्या ए7एस III पासून आली. 'स्पर्शपडदा : आहे' एवढी नोंद या दोन्ही कॅमेऱ्यांना सारखीच लागू पडली असती.

नियंत्रणे कमी करणे हा उपाय असू शकतो का, याचे प्रयोगही झाले आहेत. लायकाने 2016 साली आणलेल्या एम-डी या डिजिटल कॅमेऱ्याला मागे पडदाच नाही. त्या जागी आयएसओची डायल आहे आणि फाइल फक्त रॉ मिळते. 2025 च्या सिग्मा बीएफमध्ये एक चाक आणि मोजकी बटणे आहेत, मेमरी कार्डाची खाचही नाही. असे कॅमेरे सर्वांसाठी नाहीत, हे उघड आहे. तरी काय ठेवायचे आणि काय काढायचे याचा विचार कोणीतरी शेवटपर्यंत नेला, याचे मला अप्रूप वाटते. बहुतेक कंपन्या वर्षामागून वर्षे फक्त भर घालतात.

आपल्या परीक्षकांनी यापुढे काही गोष्टी प्रत्यक्ष करून पाहाव्यात आणि लिहाव्यात, अशी विनंती आहे. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून, पकड न सोडता शटर, अॅपर्चर, आयएसओ आणि फोकसचा बिंदू हे चारही बदलता येतात का. अंधारात शेजारशेजारची दोन बटणे नुसत्या स्पर्शाने ओळखू येतात का. कोणत्या बटणाला कोणते काम नेमता येते आणि कोणत्या बटणाची नेमणूक कंपनीने पक्की करून ठेवली आहे. चाक फिरवण्याची दिशा उलटवता येते का, कारण दोन कंपन्यांचे कॅमेरे आलटून पालटून वापरणाऱ्यांचा हात इथेच अडखळतो. जुळवलेल्या मूल्यांची फाइल कार्डावर साठवता येते की नाही, हेही तपासावे. ती साठवता आली तरी सहसा त्याच मॉडेलच्या कॅमेऱ्यात वाचता येते, त्यामुळे नवे मॉडेल घेतले की सारी जुळवाजुळव पहिल्यापासून करावी लागते. या बाबतीत कंपन्यांवर वाचकांचे दडपण यायला हवे, आणि ते वृत्तपत्रांनी विषय काढल्याशिवाय येणार नाही.

आणखी एका वाचकवर्गाचा विचार व्हावा. कॅमेऱ्याच्या शटरचे बटण उजव्या हाताला असते, हे आपण निसर्गनियमासारखे धरून चालतो. वस्तुतः 1936 च्या किने एक्झाक्टा या कॅमेऱ्याच्या शटरचे बटण डाव्या हाताला होते. ज्यांचा उजवा हात अधू आहे, बोटे थरथरतात किंवा मेनूतली बारीक अक्षरे ज्यांना वाचता येत नाहीत, अशा व्यक्तींना कॅमेरा निवडताना आपल्या लेखांतून आज काहीच मदत मिळत नाही. मेनूतला अक्षराचा आकार वाढवता येतो का, व्ह्यूफाइंडरचा चष्म्याचा नंबर कुठपर्यंत जुळवता येतो, आणि शटर सोडण्याचे काम डाव्या हाताने धरता येईल अशा वायरच्या किंवा बिनतारी रिमोटवर देता येते का, एवढी माहिती पुढच्या परीक्षणापासून दिली जावी.

आपला,
एक नियमित वाचक