सिस्टरला बोलू द्या

संपादक महोदय,

मी वॉर्डात काम करणारी नर्स आहे. सिस्टर म्हणजे इंजेक्शन देणारी, सलाईन बदलणारी एवढंच लोकांच्या डोक्यात बसलंय म्हणून हे पत्र. डॉक्टर राऊंड घेऊन जातात, बाकी दिवसरात्र पेशंटजवळ नर्सच असते, त्यामुळे तब्येत बिघडायला लागली की आधी तिच्या लक्षात यायला पाहिजे आणि ते नुसतं बघून येत नाही, शिकावं लागतं.

श्वासाचंच घ्या. मोठ्या माणसाचा आरामात असताना मिनिटाला साधारण १२ ते २०. तो पूर्ण मिनिटभर मोजायचा आणि पेशंटला न सांगता, कारण सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून आम्ही नाडीवर बोटं ठेवून छातीकडे बघत असतो. नातेवाईकांची नजर मात्र मॉनिटरवर. ऑक्सिजन ९६ आहे ना सिस्टर, मग कशाला घाबरवता? अहो, मास्क लावलाय म्हणून ९६ दिसतंय, श्वास २८ वर गेलाय, दोन शब्द बोलले तरी धाप लागतेय, म्हणजे तेवढा आकडा टिकवायला शरीराची किती ओढाताण चाललीय बघा. असं शांतपणे सांगितलं की बहुतेकांना कळतं. उलट सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट धापेच्या आजाराच्या, बऱ्याच पेशंटना मुद्दाम ८८ ते ९२ वरच ठेवतात, तिथे घरच्यांनी आकडा कमी दिसतोय म्हणून परस्पर ऑक्सिजन वाढवला तर कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो, हे आधीच सांगायला नको का?

आणि काही गोष्टी तर आम्हाला घरच्यांकडूनच कळतात. वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला की वय झालंय म्हणून सोडून देतात. कालपर्यंत नीट बोलत होते का, हे आम्ही उगाच विचारत नाही. इन्फेक्शन, साखर किंवा सोडियम उतरणं, लघवी तुंबणं, काहीही असू शकतं. ब्रिटनमध्ये पेशंट बिघडतोय का ते ओळखायला न्यूज नावाचा स्कोअर वापरतात, श्वास, नाडी अशा प्रत्येक गोष्टीला गुण देऊन बेरीज करायची. २०१७ मध्ये तो सुधारला तेव्हा पेशंटचं असं अचानक गोंधळल्यासारखं वागणं-बोलणंही त्यात घातलं आणि त्याला थेट ३ गुण दिले, इतकं ते महत्त्वाचं.

निदान काय आणि पुढे काय होईल हे डॉक्टरांनीच सांगावं, त्यात वाद नाही. पण त्यांनी सांगितलेलं घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात निम्मंही राहत नाही, आणि मग तो आमच्याकडे येतो तर आम्ही काय म्हणायचं, डॉक्टरांना विचारा. काही ठिकाणी तर वरूनच सांगितलेलं असतं, नातेवाईकांशी जास्त बोलू नका. भांडणं यातूनच वाढतात असं माझं स्पष्ट मत आहे.

हॉस्पिटलांनी प्रत्येक ड्युटीत घरच्या एका माणसाशी बोलायला नर्सला थोडा ठरलेला वेळ द्यावा, आणि तेवढा स्टाफही. डिस्चार्जच्या वेळी "कळलं ना?" विचारलं की सगळे हो म्हणतात, त्यापेक्षा "घरी काय दिसलं तर लगेच घेऊन याल ते तुम्हीच मला सांगा" असं विचारायला हवं, आणि घाईत ते होत नाही.

– एक परिचारिका