पुरुषत्वाचा अभ्यास आणि डिंकाचे लाडू

महोदय,

रविवार पुरवणीतला बदलत्या पुरुषावरचा लेख वाचला. प्राध्यापकसाहेबांचा व्यासंग मोठा, त्याबद्दल आदरच आहे. ऑस्ट्रेलियाच्या समाजशास्त्रज्ञ कॉनेलबाई लेखात चार वेळा येऊन गेल्या, त्यांचं ‘वर्चस्ववादी पुरुषत्व’ नऊ वेळा. (मोजलं. निवृत्त माणसाला वेळ असतो.) पानभर मजकुरात नसबंदी हा शब्द मात्र एकदाही नाही! 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे आपले र. धों. कर्वे तर राहूच द्या.

1984 ची गोष्ट. दुसऱ्या बाळंतपणानंतर हिच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “हिला कशाला टेबलावर घ्यायचं? तुम्हीच घ्या की करून.” घेतली करून. अर्ध्या तासाचं काम, दुपारच्या एसटीने घरी. काही दिवस सायकल नाही, ओझं नाही, एवढंच पथ्य. आईला कळल्यावर तिने कपाळावर हात मारला. कमावता मुलगा, अंगातली ताकद गेली तर? आणि वाड्यात सांगायचं काय? शेवटी तिनेच तोडगा काढला : ऑपरेशन सुनेचं झालं! हिला आठ दिवस खाटेवर निजवलं, पोटाला पंचा बांधला, डिंकाचे लाडू वळले. वाड्यातल्या बायका हिची विचारपूस करून जात. आणि ज्याला ओझं उचलायची बंदी तो मी, चौकातल्या नळावरून दोन-दोन बादल्या आणत होतो. वर कौतुक, “बायकोचं किती करतो हो!” लाडू मला एकच मिळाला, तोही हिने पदराआडून दिलेला.

याला कॉनेलबाईंच्या भाषेत काय म्हणतात, ते प्राध्यापकसाहेबांनी कळवावं.

सगळं खापर पुरुषी अहंकारावर फोडणं सोपं आहे. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात 60 लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यातल्या कित्येकांना धरून नेलेलं. आमच्या कारखान्यात ती धास्ती पुढे कितीतरी वर्षं होती. हात पोळल्यावर सरकारनेही गुपचूप बायकांकडे मोर्चा वळवला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीवर भिस्त असलेली जोडपी 37.9 टक्के, पुरुष-नसबंदीवर 0.3. बदललेला पुरुष तो हाच ना? शून्याच्या पुढे टिंब देऊन शोधावा लागतो.

जाता जाता. पाणीपट्टीवरचं माझं मागचं पत्र आपण नावामागे ‘श्रीमती’ लावून छापलं. शशी म्हटल्यावर होतो घोटाळा, त्याचं काही नाही. पण पाणीपट्टीचा आकडाही चुकवला होतात, त्याची दुरुस्ती अजून आलेली नाही.

आडनाव छापू नये ही विनंती. हिच्या माहेरी अजून ऑपरेशन हिचंच झालं अशी समजूत आहे.

– शशी, मिरज