आबा, तुम्ही दिलेला वाटा

आबा, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडं मोबाइल नाही आणि असता तरी तुम्ही त्यात डोकं घातलं नसतं. म्हणून नातवाला सांगून ठेवलंय, रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायचं नसेल त्या दुपारी हे मोठ्यानं वाचून दाखव. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. काही जणांनी तर वाचावंच.

मी ती कोल्हापूरची पोरगी. मार्चमध्ये प्रश्नावलीचं बाड घेऊन मालवणच्या वाळूत उभी होते. "मी विद्यापीठातनं आलो, माहिती गोळा करतो," म्हणाले, तेव्हा बोलणारा मुलगा कुठं आहे म्हणून तुम्ही माझ्या मागं बघितलंत. आमच्याकडं पोरी अशाच बोलतात आबा, काय करणार.

त्याआधी दोन महिने मी एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. माझ्या प्रबंधाचा विषय भारदस्त, 'किनारपट्टी व्यवस्थापनातील लोकसहभाग'. हवा होता फक्त तुमच्या किनाऱ्याचा नकाशा. साहेब मिटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब आत्ताच जेवायला गेले. शेवटी जी झेरॉक्स हातात पडली, तिच्यात तुमची वाडी म्हणजे शाईचा एक डाग होता. होड्या कुठं ओढून ठेवता, मासळी कुठं वाळवता, काहीच नाही. लोकांना विचारलं होतं का, असं म्हटल्यावर हजेरीचा कागद पुढं सरकवला. झाला लोकसहभाग!

हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात. "सहयो केलंव, फोटो काडलंव, वडापाव खाल्लंव. मगे कोण इलोच नाय." आणि माझ्या बाडाकडं बोट दाखवून म्हणालात, "ता ठेव थंय. दोर धर."

धरला. जाळं घेऊन होडी अर्धगोल फिरून आली होती, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडं माणसांची रांग. लांबून बघायला छान वाटतं ते. पंधरा मिनिटांत माझे तळहात सोलले. शेजारच्या काकांनी दोर कमरेला टेकवून पाठीनं कसं ओढायचं ते दाखवलं, तेव्हा कुठं जमायला लागलं. तास-दीड तास तरी गेला असेल. जाळं वर आलं तेव्हा त्यात फार काही नव्हतं. खोल पाण्यात यांत्रिक बोटींतनं मोठी जाळी टाकणाऱ्या पर्ससीनवाल्यांनी आधीच उपसून नेल्यावर काठावर काय येणार, असं कुणीतरी बोललं आणि बाकीचे गप्प राहिले. २०१६ साली सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, हे मी वाचून आले होते. त्या वेळी ते बोलायचं धाडस झालं नाही.

मग वाटणी. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा बाजूला निघाला, मग माणसांचे. मी बाड उचलून निघाले होते. तुम्ही हाक मारलीत. सहा बांगडे आणि ओंजळभर तारल्या एका पिशवीत घालून माझ्यापुढं धरल्या. मी "नको नको" म्हणत होते, पाहुणचार समजून. तुमचा आवाज जरा चढला.

"पावण्याचा न्हय ता. दोर ओढलंस मा? मगे वाटो तुझो."

आबा, सगळ्यांइतकेच होते ते मासे. एक जास्त नाही, एक कमी नाही. दोन महिने मी 'सहभाग' हा शब्द लिहीत होते. त्यात वाटा नुसता घ्यायचा नसतो, द्यायचाही असतो, हे कुठल्याच परिपत्रकात मला सापडलं नव्हतं. १९८७ साली तुमच्या समोरच्या पाण्यात २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा मच्छीमारांना विश्वासात घेतलं नाही म्हणून केवढा विरोध झाला. आणि तुम्ही काय कासवांच्या विरोधात होता? अडकलेलं कासव सोडण्यासाठी जाळं कापलं तर भरपाई द्यायची योजना सरकारनं २०१८ मध्ये आणली. तुम्ही त्याच्या किती आधीपासून कापत आलात, हे मला तुमच्या सुनेनं सांगितलं, तुम्ही नाही.

दुपारी मला किनाऱ्यानं चालवत नेलंत तेही विसरले नाही. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी भरतीरेषेपासूनची बांधकामबंदीची ना-विकास पट्टी २०० मीटरवरून ५० वर आणली, हे मला तोंडपाठ होतं. पण ते ५० मोजायचे कुठून? तुम्ही पायानं वाळूवर पसरलेली मर्यादवेल दाखवलीत. भांगाची लहान भरती कुठं थांबते, उधाणाची मोठी कुठं, आणि आषाढातल्या अमावास्येला पाणी कुणाच्या माडाच्या बुंध्याशी येतं, सगळं चालता चालता. नकाशातली रेषा मी पुन्हा बघितली. ती त्या माडाच्या बरीच अलीकडं, समुद्राकडं होती.

मला तेव्हा आमच्या कोल्हापुरातला सुतारवाडा आठवला. पंचगंगा चढली की आधी तिथल्या लोकांना घरं सोडावी लागतात. त्यांना नकाशातल्या पुराच्या निळी रेषा, लाल रेषा कुणी समजावून सांगायची गरज नाही. २००५, २०१९, २०२१, पाणी कुठवर आलं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. मी आयुष्यभर त्यांच्या शेजारून ये-जा केली आणि कधी विचारलं नाही. कार्यालयाला नावं ठेवताना हेही कबूल करायला हवं.

मासे थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात घालून गगनबावड्यानं घरी आणले. एसटीत शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला तो कळे येईपर्यंत काढला नाही. आता एक वाईट बातमी. आईनं त्यात तिरफळं घातली नाहीत. कांदा-लसूण चटणी घातली, आणि वर तांबड्या रश्श्यासारखा कट आणला. बाबांनी दोन बांगडे खाल्ले आणि म्हणाले, "ही तुझी पहिली कमाई की!"

माझा प्रबंध सादर झाला. तुम्ही दाखवलेला माड त्यातल्या नकाशावर आहे, होड्यांची जागा आहे, मासळीची वाळवणंही आहेत. त्याची एक प्रत तुमच्यासाठी काढलीय, ती पोस्टानं पाठवणार नाही. नारळी पौर्णिमा झाली की घेऊन येते. सोबत आईनं दिलेली चटणी असेल, चिडू नका. आणि या खेपेला मला त्या काकांच्या शेजारीच उभं करा, दोर त्यांच्यासारखा पाठीनं ओढायचाय.

तुमची,
कोल्हापूरची "मी आलो" म्हणणारी पोरगी